पेपर ट्री ओळखायचं कसं?

आधी एक गोष्ट क्लिअर करू, पेपर ट्री (पेपर म्हणजे कागद नव्हे, इंग्रजीतलं pepper, मिरी) आणि आपली काळी मिरी यांचा काहीही संबंध नाही, मिरी हा वेल आहे आणि त्याची फॅमिली वेगळी, हे झाड मात्र काजू-आंब्याच्या खानदानातलं, मूळ दक्षिण अमेरिकेतलं.

ओळखायला सुरुवात पानापासून करा. एका देठावर दोन्ही बाजूंनी बारीक लांबट पर्णिका (पानातली छोटी छोटी पानं), वीस-तीस तरी असतात आणि फांद्या खाली लोंबत असतील तर ते पेरूव्हियन पेपर ट्री. पर्णिका रुंद आणि मोजक्याच, साधारण 5 ते 9, फांद्याही लोंबत नाहीत, तर ते ब्राझिलियन पेपर ट्री. पान चुरडलं की मिरीसारखा उग्र वास येतो, कारण आत राळेच्या नळ्या असतात. पर्णिकेचे तुकडे पाण्यावर टाकून बघा, तेल बाहेर फेकलं जातं आणि तुकडे झटके देत पळतात, मला तर हा प्रकार भारी आवडतो 😄

फळं गुलाबी-लाल, छोटी, आत एकच बी. नर-मादी झाडं बहुतेक वेगवेगळी, त्यामुळे फळं नाहीत म्हणून लगेच नाही म्हणू नका, नर झाड असेल.

या फॅमिलीत सुमारे 800 जाती आहेत, आंबा, पिस्ता, चारोळी, बिब्बा सगळे इथलेच. काजूचं बोंड म्हणजे फुगलेला देठ, खरं फळ खाली लटकतं ते. आणि हो, अनोळखी झाडाचा चीक हाताला लावू नका, बिब्ब्यासारखा उततो कधीकधी.