विंडोज १० वरून ११ वर: फॉरमॅट न मारता, क्रम न चुकवता

विंडोज १० चा आधार (सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांपैकी ज्यांनी जादा सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली, त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत आहे. आधार संपल्यापासून मला सारखे फोन येतात: "दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल. देऊ का त्याच्याकडे?" देऊ नका. तुमचा संगणक पात्र असेल तर फाइली, प्रोग्राम, फॉन्ट सगळं जागच्या जागी ठेवून विंडोज ११ वर जाता येतं. घरचे, नात्यातले, सोसायटीतले मिळून वीसेक संगणक मी असेच चढवले आहेत.

बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतला आहे, हे मी धरून चालते. त्यात हमखास सुटते ती एकच गोष्ट सांगते: फॉन्ट. श्री-लिपी, कृतिदेव अशा जुन्या, युनिकोडपूर्व (म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी सारखंच दिसण्याची सोय येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर त्या फॉन्टशिवाय वाचताच येत नाही. सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधला फॉन्ट्स फोल्डर आधी कॉपी करा. एखादं जुनं सॉफ्टवेअर डाँगलवर (परवान्यासाठी यूएसबीला लावायच्या छोट्या यंत्रावर) चालत असेल तर त्याची सीडी किंवा सेटअप फाइलही शोधून ठेवा.

संगणक पात्र आहे का?

मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे तपासणीचं ॲप चालवा. ते सगळं सांगतं. साधारण हिशेब असा: इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर, एएमडी असेल तर रायझन २००० मालिका किंवा पुढची, ४ जीबी रॅम (माझं मत विचाराल तर ८ च्या खाली जाऊच नका), ६४ जीबी जागा, टीपीएम २.० (किल्ल्या सुरक्षित ठेवणारी सोय) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासातलाच प्रोग्राम चालू देणारी सोय). सध्याचं विंडोज ३२-बिट असेल तर जागच्या जागी अपग्रेड होत नाही.

प्रोसेसरच जुना असेल तर इथेच थांबा. तपासणी चुकवून ११ बसवायच्या युक्त्या सगळीकडे फिरत असतात. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात, त्यावर त्या करू नका. अशा संगणकाला पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. त्यापेक्षा जुन्या यंत्रावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकलेलं बरं.

खरी अडचण: लेगसी आणि यूईएफआय

प्रोसेसर चांगला असतो, तरी हेल्थ चेक म्हणतं, सिक्युअर बूट नाही. दुकानात असेम्बल करून घेतलेल्या डेस्कटॉपवर हे फार दिसतं. यंत्र नवं असलं तरी विंडोज जुन्या पद्धतीने, म्हणजे 'लेगसी' मोडमध्ये आणि एमबीआर (डिस्कचे तुकडे नोंदवायची जुनी पद्धत) मांडणीच्या डिस्कवर टाकलेलं असतं. विंडोज ११ ला यूईएफआय मोड (संगणक सुरू करायची नवी पद्धत) लागतो आणि त्यासाठी डिस्क जीपीटी, म्हणजे नव्या मांडणीची हवी. स्टार्टमध्ये 'एमएसइन्फो३२' टाइप करा आणि 'बायॉस मोड' ही ओळ बघा. तिथे यूईएफआय असेल तर पुढचे परिच्छेद सोडून थेट टीपीएमकडे जा. (आज्ञा मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिते आहे, टाइप करताना रोमन अक्षरं वापरा.)

तिथे लेगसी असेल तर आधी डिस्कची मांडणी बदला आणि मग बायॉसला (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या, मदरबोर्डच्या सेटिंग्जना) हात लावा. हा क्रम मी २०२२ मध्ये बाबांच्या संगणकावर उलटा केला. कुठल्याशा व्हिडिओत 'बायॉसमध्ये जा आणि यूईएफआय करा' एवढंच सांगितलं होतं. मी केलं, आणि काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा संदेश आला. सेटिंग परत लेगसी केली असती तर सगळं जसंच्या तसं सुरू झालं असतं. डिस्कला काहीही झालेलं नव्हतं. पण मी घाबरले आणि संगणक दुकानात दिला. त्यांनी सी ड्राइव्ह पुसून नवं विंडोज टाकून दिलं. बाबांचे पंधरा वर्षांचे लेख डी ड्राइव्हवर होते म्हणून वाचले, पण श्री-लिपीचे फॉन्ट गेले. प्रत्येक फाइल उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोळा. बाबा मला काही बोलले नाहीत. रोज एखादी फाइल उघडून बघायचे आणि बंद करायचे. शेवटी डीटीपी करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंकडे ते फॉन्ट मिळाले. म्हणून परत सांगते: यूईएफआय केल्यावर विंडोज सुरू झालं नाही, तर सेटिंग मागे घ्या. संगणक कुणाच्याही हाती देऊ नका.

आता डिस्कची मांडणी कशी बदलायची ते. विंडोज १० मध्येच त्यासाठी 'एमबीआर२जीपीटी' नावाचं साधन आहे आणि ते फाइली न पुसता मांडणी बदलतं. पैसे घेऊन हेच करणारी सॉफ्टवेअर विकत घ्यायची काही गरज नाही. स्टार्टमध्ये 'सीएमडी' टाइप करा, उजवं क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' घ्या आणि आधी नुसती तपासणी करा: एमबीआर२जीपीटी, एक जागा सोडून स्लॅश व्हॅलिडेट, पुन्हा जागा सोडून स्लॅश अलाउफुलओएस (सलग). शेवटचा शब्द विसरला तर साधन चालायलाच नकार देतं. तपासणीत डिस्कवर काहीच बदलत नाही, त्यामुळे कितीही वेळा करा.

आपल्याकडे बहुतेक लोक इथेच अडकतात. असेम्बल केलेल्या संगणकात एकाच डिस्कचे सी, डी, ई, एफ असे तुकडे पाडलेले असतात, आणि डी पासून पुढचे एका एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटात असतात. हे साधन तीनपर्यंत प्रायमरी (थेट डिस्कवर पाडलेले) पार्टिशन चालवून घेतं, एक्स्टेंडेड अजिबात नाही. स्टार्टवर उजवं क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. गर्द हिरव्या चौकटीत ड्राइव्ह दिसले तर तुमची गोष्ट हीच. त्या ड्राइव्हमधलं सगळं बाहेरच्या डिस्कवर न्या आणि कॉपी झालेल्या दोन-चार फाइली उघडून बघा. मग ते ड्राइव्ह डिलीट करा, उरलेली हिरवी मोकळी जागाही डिलीट करा. मांडणी बदलल्यावर तिथे नवे ड्राइव्ह पाडून त्यांना जुनीच अक्षरं द्या, म्हणजे प्रोग्रामना वाटा सापडतील. हे काम कंटाळवाणं आहे, पण रात्री दहाला सुरू करू नका. चुकीचा ड्राइव्ह पुसला जातो तो थकलेल्या डोळ्यांनीच. डी आणि ई वेगळ्या हार्ड डिस्कवर असतील तर त्यांना हात लावायचं कारण नाही. विंडोज ज्या डिस्कवर आहे, तेवढीच बदलायची असते.

तपासणी पास झाली की तीच आज्ञा 'व्हॅलिडेट'च्या जागी 'कन्व्हर्ट' घालून द्या. मिनिटभरात होतं. रीएजंट (विंडोजच्या रिकव्हरीची) फाइलबद्दल तक्रार आली तर घाबरू नका. यूईएफआयमध्ये सुरू झाल्यावर 'रीएजंटसी स्लॅश डिसेबल' आणि मग 'रीएजंटसी स्लॅश एनेबल' द्या.

आता संगणक पुन्हा सुरू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायॉसमध्ये जा. सीएसएम (लेगसी मोड चालू ठेवणारी सेटिंग) बंद, बूट मोड यूईएफआय. एवढंच करून सेव्ह करा आणि विंडोज सुरू होतंय का बघा. झालं की परत बायॉसमध्ये जाऊन टीपीएम चालू करा: इंटेलच्या बोर्डावर त्याचं नाव 'पीटीटी', एएमडीच्या 'एफटीपीएम'. मग पुन्हा विंडोज. त्यानंतर सिक्युअर बूट. एका वेळी एकच बदल, हा माझा हट्ट आहे. तिन्ही एकदम बदलले आणि पडदा काळा राहिला, तर कशामुळे ते कळायला मार्ग नसतो.

सीएसएम बंद केल्यावर चित्रच आलं नाही तर जुनं ग्राफिक्स कार्ड तपासा. काहींना यूईएफआय कळत नाही. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावा.

लॅपटॉपवाल्यांनो, तुमच्याकडे बहुधा यूईएफआय आधीच असतं. पण बायॉसला हात लावण्याआधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का बघा. असेल तर ते थांबवून ठेवा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते. नंतर मागितली गेली आणि नसली, तर स्वतःच्याच डिस्कचं दार तुम्हाला बंद.

प्रत्यक्ष अपग्रेड

आता फारसं काही उरलं नाही. विंडोज अपडेटमध्ये ११ दिसत असेल तर तिथून, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून 'इन्स्टॉलेशन असिस्टंट' घेऊन चालवा. आयएसओ (पूर्ण विंडोजची एकच सेटअप फाइल) वापरलीत तर 'कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स' निवडता येतंय का बघा. येत नसेल तर बहुधा आयएसओची इंग्रजी तुमच्या विंडोजच्या इंग्रजीशी जुळत नाही. अमेरिकन आणि इंटरनॅशनल वेगवेगळ्या धरल्या जातात. मागे फिरा आणि बरोबर असलेली उतरवा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर तुमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार टाळा.

नंतर

विंडोज की आणि स्पेसबार दाबून मराठी कीबोर्ड आहे ना बघा, प्रिंटरवर एक पान काढा, जुन्या फॉन्टमधली एक फाइल उघडा. काही अडलं तर सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी इथे 'गो बॅक' आहे. ते १० दिवसच चालतं, आणि तोवर 'विंडोज.ओल्ड' (जुनं विंडोज ठेवलेला) फोल्डर जागेवर हवा. जागा कमी झाली म्हणून डिस्क क्लीनअप मारू नका. मागे गेलात तरी विंडोज १० यूईएफआयवर नीट चालतं, त्यामुळे डिस्क परत एमबीआर करायच्या फंदात पडू नका.