रिबेरा देल दुएरोची बाटली उघडताना

स्पेनच्या रिबेरा देल दुएरो भागातली रेड वाइन उघडलीत आणि पहिल्याच घोटाला नुसता अल्कोहोल नाकात गेला, तर बाटलीला नावं ठेवू नका. बहुधा ती गरम आहे. ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे १६ ते १८ अंश, मे महिन्यातल्या नागपूरची खोली नव्हे! अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

मग काचेच्या रुंद जगमध्ये ओतून तासभर राहू द्या. नुसतं बूच काढून ठेवण्यात अर्थ नाही. त्या चिंचोळ्या मानेतून हवा जाणार किती? ग्लास एक तृतीयांशच भरा. आधी न हलवता वास घ्या, मग गोल फिरवून पुन्हा घ्या. काळ्या फळांच्या मागून ओक पिंपाचा व्हॅनिला, लवंगेसारखा गंध येतो.

द्राक्ष तेंप्रानियो, तिकडच्या बोलीत तिंतो फिनो. घोट लगेच गिळू नका, तोंडभर फिरवा. हिरड्यांवर जांभूळ खाल्ल्यासारखी कोरड पडते ना, तो टॅनिनचा तुरटपणा. आता भाजलेल्या मटणाचा एक घास खा आणि पुन्हा घोट घ्या. तीच वाइन एकदम मऊ लागते. कास्तिया प्रांतात तिच्यासोबत भट्टीत भाजलेलं कोवळं कोकरू खातात ते उगाच नाही. झणझणीत रस्सा मात्र नको, तिखटानं अल्कोहोल जास्तच जाळतो.

पहिल्यांदा घेताय तर लेबलवर ‘क्रियान्सा’ बघा: किमान दोन वर्षं मुरवलेली, त्यातले १२ महिने ओकच्या पिंपात.