धन्याला खत देताना कोथिंबिरीचा हिशेब लावू नका

रब्बीत बागायती धने घेताय असं धरून सांगतो. पेरताना एकरी सिंगल सुपर फॉस्फेटच्या 2 गोण्या, पोटॅश 13-15 किलो आणि युरिया 25 किलो, सगळं बियाखाली पेरून द्या. सुपर फॉस्फेटमधला फॉस्फरस जमिनीत फारसा हलत नाही, वरून फेकलेला मुळाला नीट मिळत नाही. डीएपी (फॉस्फरसचंच दुसरं खत) परवडतं म्हणतात लोकं, पण सुपर फॉस्फेटमध्ये सोबत गंधक येतं ते डीएपीत नाही. माती परीक्षण केलं असेल तर आकडे त्याप्रमाणे बदला. बी रगडून दोन फाका करायच्या, हे माहितीच असेल.

खरी गडबड होते ती युरियाच्या दुसऱ्या हप्त्यात. तो पेरणीपासून 30 ते 35 दिवसांनी, खुरपणी झाली की, एकरी 20-25 किलो, आणि त्यावर लगेच पाणी. बास, नंतर नत्र (युरियातून मिळतं ते) नाही. मी एका वर्षी दुकानदाराचं ऐकून 50व्या दिवशी परत अर्धी गोणी टाकली, कळ्या दिसायला लागल्या होत्या, पीक एवढं हिरवंगार झालं की येणारे-जाणारे थांबून बघायचे आणि मलाही बरं वाटायचं. मग फुलावर मावा (रस शोषणारी कीड) आला, पाण्याच्या पाळीनंतर वारा सुटला आणि अर्धं शेत लोळलं. जे उभं राहिलं त्याला खालून नवे फुटवे येत राहिले, म्हणजे एकाच झाडावर पिकलेले धने, हिरवे धने आणि नुसती फुलं. काढायचं कधी? पिकलेले गळायला लागले तेव्हा काढलं, तर निम्मे दाणे पोचट.

कोथिंबिरीला पान विकायचं असतं म्हणून तिथे युरिया चालतो. इथे झाडाला वाढ थांबवून दाणा भरायचाय, उशिरा दिलेलं नत्र त्याला परत पानाकडे ओढतं. भारी काळ्या जमिनीत तर अजूनच जपून.

पीक पिवळं दिसलं की युरियाची गोणी उचलू नका हो, आधी वाकून बघा. खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्र कमी पडलंय, शेंड्याची कोवळी पानं फिकी असतील तर बऱ्याचदा गंधक कमी असतं, आणि पाणी साचलेलं असेल तर यातलं काहीच नाही, आधी पाणी काढा.

फुलोऱ्यात आणि दाणे भरताना पाण्याचा ताण नको. निम्म्या छत्र्या (दाण्यांचे झुपके) पिवळ्या पडल्या की सकाळच्या दवात कापा, सावलीत वाळवा.