एसएलईएसचा ड्रम घेताना पामचा हिशोब कसा तपासायचा

राजेहो, आमचं भांड्याच्या लिक्विडचं युनिट तालुक्याच्या एमआयडीसीत आहे, माल दुसऱ्याच्या ब्रँडनं जातो, आणि आता ब्रँडवाले विचारतात की तुमचं एसएलईएस, म्हणजे लिक्विडला फेस आणणारं रसायन, जंगल तोडलेल्या पामचं तर नाही ना. पहिल्यांदा मी सप्लायरचं हिरव्या पानांचं ब्रोशर जोडून पाठवलं, फॉर्म जसाच्या तसा परत आला. तेव्हापासून जे शिकलो ते सांगतो.

आधी तेल कोणतं ते विचारा. भरपूर फेस देणारी बारा कार्बनची साखळी नारळात असते नाहीतर पामच्या बीच्या गरात, म्हणजे पाम कर्नलमध्ये. फरसाण तळतो ते पामतेल फळाच्या बाहेरच्या गराचं, त्यात ती नावालाच. सर्टिफिकेटवर नुसतं पाम ऑइल अन् ड्रममध्ये कर्नलचा माल, तर तो कागद आपल्या कामाचा नाही. (गावात विचारतात, आपलं सोयाबीन, सरकी, मोह काहून चालत नाही? त्यात सोळा-अठरा कार्बनवाली साखळी, साबण होईल, एसएलईएस नाही.)

मग आरएसपीओ, म्हणजे टिकाऊ पामतेलाचे नियम ठरवणारी संस्था. 2004 पासूनची आहे, पण मेंबर असणं वेगळं आणि माल सर्टिफाइड असणं वेगळं, इथंच लोक फसतात. माल चार प्रकारे येतो: एकाच तेलमिलपर्यंत ओळख टिकलेला, सेग्रिगेटेड (सर्टिफाइड माल साध्यापासून वेगळा ठेवलेला), मास बॅलन्स, आणि नुसते क्रेडिट (माल साधाच, सर्टिफाइडचा कागद वेगळा विकत घेतलेला). मास बॅलन्स म्हणजे जिनिंगमध्ये सेंद्रिय अन् साधा कापूस एकाच ढिगात पडला, पण शंभर क्विंटल सेंद्रिय आला म्हणून पावती शंभरचीच फाडली, तसं. खोटं नाही, पण तुमच्या ड्रममध्ये नेमका तोच माल आहे असंही नाही. सर्टिफिकेटवरचा प्लांटचा पत्ता, मुदत बघा, आणि प्रत्येक इनव्हॉइसवर सर्टिफिकेटचा नंबर अन् चारपैकी कोणता प्रकार ते छापून घ्या. मधला ट्रेडर ड्रम फोडून दुसऱ्यात भरत असेल तर त्याचंही सर्टिफिकेट मागा.

मिलची यादी मागा, लोकेशनसकट. पहिल्या दिवशी देणार नाहीत, तरी मागा. मिळाली की ग्लोबल फॉरेस्ट वॉचच्या नकाशावर टाकून आजूबाजूचं जंगल कधी गेलं ते फुकटात दिसतं, युरोपचा कायदा 31 डिसेंबर 2020 नंतरची तोड धरतो, आपणही तीच तारीख धरायची. पीटची म्हणजे दलदलीची जमीन आहे का तेही बघा, ती कोरडी केली की वर्षानुवर्षं कार्बन सुटत राहतो. मिलच्या सांडपाण्यातला मिथेन पकडतात का हेही विचारून ठेवा.

एसएलईएस ड्रममध्ये पेस्ट म्हणून येतं, पण पामचा हिशोब पेस्टच्या वजनावर करू नका. 70 टक्केवाली शंभर किलो पेस्ट म्हणजे ढोबळमानानं 35 किलोच फॅटी अल्कोहोल, म्हणजे तेलापासून आलेला भाग, बाकी पाणी, सल्फेट अन् एथिलीन ऑक्साइड, जे बहुतेक वेळा पेट्रोलियमचं असतं. म्हणून "शंभर टक्के नैसर्गिक" म्हणणाऱ्याला तेवढंच विचारा, ऑक्साइड कुठलं?

पाम सोडून नारळ घेतो म्हणणाऱ्यांनो, तेवढ्याच तेलाला नारळाची जमीन जास्त लागते. आणि एसएलईएसऐवजी ॲसिड स्लरी (फेस आणणारं दुसरं रसायन) म्हणाल, तर ती सरळ पेट्रोलियमची.

आमचा माल सध्या मास बॅलन्सचा आहे. फॉर्ममध्ये तेच लिहितो, सेग्रिगेटेडच्या रकान्यात टिक करत नाही.