इंग्रजी क्रियापदाचा अर्थ पाठ आहे, मग वाक्य काहून चुकतं?

गो-वेन्ट-गॉनचा तक्ता पाठ असेलच. नसेल तर करून घ्या, रडगाणं नको. खरी गोची त्याच्या पुढे आहे आणि ती कोणी नीट सांगत नाही.

‘डिस्कस’ म्हणजे चर्चा करणे. बरोबर. पण आपण चर्चा विषया‘बद्दल’ करतो, म्हणून तोंडातून ‘डिस्कस अबाउट द प्रॉब्लेम’ निघतं. इंग्रजीत नुसतं ‘डिस्कस द प्रॉब्लेम’. आपण लग्न कोणा‘शी’ तरी करतो, म्हणून ‘ही मॅरीड विथ हर’; तिथे ‘विथ’ नकोच. उलटही होतं. ‘त्याला समजावून सांग’चं आपण ‘एक्सप्लेन हिम’ करतो. हवं ‘एक्सप्लेन इट टू हिम’. ‘टेल’नंतर मात्र माणूस थेट येतो, ‘टेल हिम’. आणि ‘से’ला पुन्हा ‘टू’ लागतो. अर्थ बरोबर, पण आपले प्रत्यय गुपचूप सोबत येतात. मला अजूनही घाईत ‘अबाउट’ जोडावासा वाटतो, तेव्हा स्वतःला ढ समजू नका. पण सरकारी नोकरीच्या स्टाफ सिलेक्शन परीक्षेच्या पेपरात वाक्यातली चूक शोधायला देतात, तिथे दया नाही.

क्रियापदानंतर काय येतं त्यावर अर्थही फिरतो. ‘ही स्टॉप्ड टू ड्रिंक टी’ म्हणजे गडी व्हेरायटी चौकात चहाला थांबला. ‘ही स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’ म्हणजे चहाच सोडला.

‘पाचशे क्रियापदे अर्थासहित’ छाप पीडीएफ माझ्या मते कचरा आहेत. शिकणाऱ्यांसाठीचा कोश घ्या. हॉर्नबी नावाचे गृहस्थ जपानमध्ये इंग्रजी शिकवत. तिथल्या मुलांची हीच अडचण पाहून त्यांनी क्रियापदांचे साचे दाखवणारा कोश केला, तो १९४२ मध्ये तिथेच छापला गेला. म्हणजे पोट्टेहो, हे दुखणं फक्त मराठी माध्यमाचं नाही. आजच्या कोशातही क्रियापदापुढे कर्म लागतं की नाही, ‘टू’ येतो की ‘आयएनजी’, ते दिलेलं असतं. आपण नेमकं तेच सोडून अर्थावर उडी मारतो.

वाचायला ‘हितवाद’ हा इंग्रजी पेपर पुरे, १९११ पासून नागपुरातच निघतो. गावातली बातमी आधीच माहीत असते, त्यामुळे लक्ष क्रियापदावर राहतं. ते आणि त्यानंतरचे दोन-तीन शब्द एकत्र अधोरेखित करा, वहीत तसेच्या तसे उतरवा. मराठी अर्थ लिहायचाच असेल तर पेन्सिलीने.