नवतपापूर्वीची तयारी: क्लस्टरची वीज स्वयंचलित यंत्रणेवर सोपवताना

तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात दहा-बारा जुने संगणक जोडून क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणारा संगणकांचा गट, उभा करणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते लाइनच्या लहरीनुसार त्याला आपणहून झोपायला आणि उठायला शिकवणे. हे काम एप्रिल संपण्यापूर्वी हातावेगळे करावे, कारण नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागल्यावर प्रयोगांना वाव उरत नाही.

सुरुवात मोजमापापासून करावी. प्रत्येक संगणक रिकामा असताना आणि पूर्ण कामात असताना किती वॅट घेतो, हे प्लगला लावण्याच्या मीटरने पाहून वहीत लिहावे. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये वीजवापर सांगणारी ‘रॅपल’ नावाची सोय असते, पण ती मुख्यतः प्रोसेसर आणि मेमरीपुरते बोलते. एसएमपीएसमध्ये (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यात) वाया जाणारी वीज, पंखे आणि डिस्क तिच्या हिशेबात येत नाहीत. गूगलच्या बारोसो आणि होल्झले यांनी २००७ मध्ये लिहिले होते की, सर्व्हर काहीच काम करीत नसतानाही आपल्या कमाल वापराच्या जवळपास निम्मी वीज घेतो. वहीतील आकडेही बहुधा याच बाजूने जातील. तसे झाल्यास प्रोसेसरची गती उतरवण्याच्या खटाटोपापेक्षा रिकामा नोड (क्लस्टरमधील एकेक संगणक) सरळ बंद करण्यावर भर द्यावा.

त्यानंतर यूपीएस. त्याच्यावर छापलेला व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) आकडा म्हणजे वॅट नव्हेत, आणि दोन उन्हाळे सोसलेली बॅटरी छापील मिनिटे देत नाही. म्हणून प्रत्यक्ष भार जोडून ती किती वेळ टिकते ते पाहावे. यूपीएसवर लक्ष ठेवणाऱ्या ‘नट’ या मुक्त प्रणालीत एक संगणक यूपीएसशी यूएसबीने बोलतो आणि बाकीच्यांना नेटवर्कवरून निरोप देतो. हा निरोप ज्या नेटवर्क स्विचमधून जातो, तो स्विचच यूपीएसवर नसणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे, कारण तो भिंतीवर उंच असतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. ‘बॅटरी कमी’ या इशाऱ्याची वाट पाहत बसण्यापेक्षा लाइन गेल्यापासून ठरावीक मिनिटांनी नोड बंद करण्याचा नियम लावावा; जुनी बॅटरी इशारा देते आणि लगेच मान टाकते. सामायिक फाइली ठेवणारा संगणक सर्वांत शेवटी बंद व्हावा आणि सर्वांत आधी सुरू व्हावा.

लाइन जाण्याची तयारी बहुतेक जण करतात, पण खरी परीक्षा ती परत येते तेव्हा असते. कृषिपंपांना ऑटोस्विच लावू नका, असे महावितरण शेतकऱ्यांना वारंवार का सांगते, हे विदर्भातील वाचकाला समजावण्याची गरज नाही: लाइन येताच शिवारातील सगळे पंप एका क्षणी उठतात आणि रोहित्र बसते. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘वीज आल्यावर सुरू व्हा’ हा पर्याय सगळ्या संगणकांवर लावणे म्हणजे प्रयोगशाळेत ऑटोस्विच लावणेच होय. हा पर्याय फक्त मुख्य नोड (इतरांवर नियंत्रण ठेवणारा संगणक) आणि फाइलींचा संगणक यांनाच द्यावा. मुख्य नोडने दहा-पंधरा मिनिटे लाइन स्थिर आहे आणि बॅटरी भरू लागली आहे याची खात्री करावी, मगच इतरांना दोन-दोन करून उठवावे. स्लर्म हा शेड्युलर (कोणते काम कोणत्या नोडवर चालवायचे हे ठरवणारी प्रणाली) वापरत असल्यास मिनिटाला किती नोड उठवायचे याची त्यातील मूळ मर्यादा ३०० आहे. ती मोठ्या केंद्रांसाठी ठीक, आपल्याकडे २ पुरे. यूपीएसमुळे बंद केलेले नोड आपणच बंद केले आहेत हे शेड्युलरलाही कळवावे, नाहीतर तो त्यांना नादुरुस्त समजून बाजूला ठेवतो.

नोड उठण्यास दिलेला वेळही तपासावा. स्लर्ममध्ये तो मुळात ६० सेकंद असतो आणि जुन्या हार्ड डिस्कचा संगणक एवढ्यात उभा राहत नाही. तीनदा वेळ मोजून सर्वांत संथ वेळेच्या दुप्पट मुदत द्यावी. वेक-ऑन-लॅनची (नेटवर्कवरून निरोप देऊन बंद संगणक उठवण्याची) सोयही नुसती बायोसमध्ये चालू करून भागत नाही. वीज पूर्णपणे तुटून परत आल्यावर काही संगणकांचे नेटवर्क कार्ड जागवण्याचा निरोप ऐकतच नाही, आणि असे संगणक कोणते हे आधीच ओळखून त्यांच्यावर खूण करावी. मुख्य नोड आणि फाइलींचा संगणक झोपवण्याच्या यादीतून वगळावेत. विद्यार्थ्यांनी काम टाकताना मेमरी आणि अंदाजे वेळ लिहिलीच पाहिजे, अन्यथा कोणता नोड केव्हा रिकामा होईल हे शेड्युलरला ठरवता येत नाही. लांब चालणारे काम मधूनमधून आपली स्थिती डिस्कवर जपून ठेवणारे असावे.

उष्णतेचा नियमही यंत्रणेत घालावा. सर्व्हरकडे जाणारी हवा १८ ते २७ अंश असावी, अशी वातानुकूलन अभियंत्यांच्या अ‍ॅशरे संस्थेची शिफारस आहे. बाहेर ४५ अंश असताना कूलरवर ती पाळणे कठीण, त्यामुळे खोलीचे तापमान ठरवलेल्या आकड्यापलीकडे गेले की नवे काम थांबवावे आणि ते बरेच खाली आल्यावरच पुन्हा घ्यावे. थांबण्याचा आणि सुरू होण्याचा आकडा एकच ठेवल्यास यंत्रणा दिवसभर उघडझाप करीत राहते. जड कामे रात्रीकडे ढकलावीत. कूलर कोरड्या मे महिन्यात चालतो, पण पावसाळ्यात तोच खोलीत नुसता ओलावा भरतो. जिनिंग जवळ असेल तर पंख्यांत अडकलेली कापसाची तूस आताच काढून घ्यावी.

शेवटी रंगीत तालीम. तातडीचे काम नसलेल्या दिवशी विजेचा मुख्य स्विच खरोखर पाडावा आणि प्रयोगशाळा परिचरासमोर सगळा क्रम घडताना पाहावा. हाताने बंद-चालू करण्याचा क्रम मराठीत लिहून दारामागे चिकटवावा. तालमीत एखादा नोड सुरू होऊनही क्लस्टरमध्ये आला नाही, तर आधी त्याचे घड्याळ पाहावे. मदरबोर्डवरील सेल संपला असेल तर संगणक कितीतरी वर्षे मागची तारीख घेऊन उठतो, आणि स्लर्मसोबत नोडांची ओळख पटवणारी ‘मंज’ ही सेवा घड्याळांत मुळात ३०० सेकंदांहून अधिक फरक खपवून घेत नाही. इंटरनेट नसतानाही वेळ जुळावी म्हणून मुख्य नोडलाच वेळेचा सर्व्हर करावा, आणि सीआर-२०३२ चे सेल तालुक्यातील घड्याळाच्या दुकानातून नोडांच्या संख्येइतके आणून ठेवावेत.