लाटेकमध्ये ग्रीक मजकूर लावताय? या चुका टाळा

लाटेकमध्ये, म्हणजे कमांड लिहून पानं जुळवणाऱ्या प्रणालीत, ग्रीक मजकूर लावायला मराठी माणसाकडे कोण येणार, असं वाटणं साहजिक आहे. पण येतात. सातवाहनकाळावर प्रबंध लिहिणारे येतात, कारण ‘पेरिप्लस’ या समुद्री व्यापारावरच्या जुन्या ग्रीक ग्रंथात पैठण, तगर आणि कल्याणचा उल्लेख आहे आणि तो मूळ ग्रीकमध्ये दिल्याशिवाय मार्गदर्शकांचं समाधान होत नाही. तत्त्वज्ञानवाले ॲरिस्टॉटल घेऊन येतात, बायबलचे अभ्यासक नवा करार. आणि बहुतेक सगळे प्रबंध जमा करायच्या आदल्या आठवड्यात येतात, तेच ते घोळ घेऊन. म्हणून एकदा लिहूनच काढतो.

दोन पिढ्यांचे उपाय एकाच फायलीत

इंटरनेटवर सापडलेली प्रत्येक ओळ प्रिॲम्बलमध्ये, म्हणजे फायलीच्या सुरुवातीच्या सूचनांत, चिकटवायची सवय असेल, तर ती आधी सोडा. जुन्या पद्धतीत, म्हणजे पीडीएफलाटेकमध्ये, ग्रीकसाठी एलजीआर नावाचं एन्कोडिंग वापरतात. त्यात रोमन अक्षरं टाइप करायची आणि छापून ग्रीक यायचं. नव्या पद्धतीत झीलाटेक किंवा लुआलाटेक, सोबत फॉन्ट निवडायचं फॉन्टस्पेक पॅकेज, आणि फायलीत थेट युनिकोड ग्रीक. या दोन पद्धतींची खिचडी करू नका. फॉन्टस्पेकच्या शेजारी जुन्या पद्धतीच्या इनपुटएन्क, फॉन्टएन्क आणि एलजीआर अशा ओळी दिसल्या, की मी काही न विचारता त्या खोडतो. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

मराठी प्रबंधात ग्रीक अवतरणं असतील तर मी झीलाटेकच वापरतो. लुआलाटेकमध्येही होतं, पण तिथे देवनागरीसाठी रेंडरर (अक्षरं जुळवणारं इंजिन) म्हणून हार्फबझ सांगावं लागतं, आणि लोक ते हमखास विसरतात.

गणिताच्या कमांडमधून ग्रीक शब्द

हे पाहिलं की डोकं फिरतं. डॉलरचं चिन्ह, मग अल्फा, मग रो, मग काय... अशी कमांडला कमांड जोडून ‘आर्खे’ लिहिलेला मी पाहिला आहे. गणिताच्या मोडमध्ये प्रत्येक अक्षर म्हणजे एक चल राशी. अक्षरं तिरकी येतात, त्यांच्यातलं अंतर शब्दासारखं नसतं, ओळीच्या शेवटी शब्द तुटत नाही, पीडीएफमध्ये शोधला तर सापडेलच असं नाही. “एकच तर शब्द आहे” हे उत्तर मला मान्य नाही. एका शब्दाचे पुढच्या प्रकरणात चाळीस होतात. कीबोर्डमध्ये ग्रीक पॉलिटॉनिक, म्हणजे प्राचीन ग्रीकच्या सगळ्या चिन्हांचा, लेआउट चालू करायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ ती कमांडची माळ ओवण्यात जातो.

फॉन्टमध्ये अक्षरच नाही

झीलाटेकमध्ये तुम्ही काहीच सांगितलं नाही तर फॉन्ट येतो लॅटिन मॉडर्न, आणि ग्रीक मजकुराला लागणारी अक्षरं त्यात नाहीत. पानावर कोरी जागा दिसते. हे तरी बरं, लगेच कळतं. खरा धोका अर्धवट फॉन्टचा. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो, आणि तिथे ग्रीकचे दोन ब्लॉक आहेत. एक मूळ ब्लॉक, ०३७० पासून सुरू होणारा. दुसरा ग्रीक एक्स्टेंडेड, १एफ०० पासून. ग्रीसमध्ये १९८२ साली एकाच आघातचिन्हाची सोपी पद्धत अधिकृत झाली, त्यामुळे आजच्या ग्रीकचं काम पहिल्या ब्लॉकवर भागतं. प्राचीन ग्रीकचं भागत नाही. तिथे स्वराने सुरू होणाऱ्या शब्दावर श्वासचिन्ह (आधी ‘ह’ उच्चारायचा की नाही हे सांगणारं) असतं, आणि श्वासचिन्हासकटची तयार अक्षरं दुसऱ्या ब्लॉकमध्ये. फॉन्टमध्ये तो ब्लॉक नसेल तर ‘आन्थ्रोपोस’चा (माणूस) पहिला अल्फा गळतो आणि ‘न्थ्रोपोस’ छापलं जातं. ग्रीक न येणाऱ्या माणसाला त्यात काही वावगं दिसत नाही. प्रूफ वाचणारा बहुतेक वेळा तसाच असतो.

वर्डमधून आलेल्यांना हे पटत नाही, कारण वर्ड गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून अक्षर आणून ठिगळ लावतं. लाटेक ठिगळ लावत नाही. फक्त लॉग फायलीत ‘मिसिंग कॅरेक्टर’ अशी ओळ लिहितं. लॉग कोण वाचतं? म्हणून माझ्या प्रत्येक फायलीत वरच ट्रेसिंगलॉस्टचार्स या सेटिंगची किंमत ३ केलेली असते. टेक लाइव्ह या लाटेकच्या वितरणात २०२१पासून ही सोय आहे. अक्षर नसलं की सरळ एरर येते आणि काम थांबतं. नवख्यांना एररची भीती वाटते आणि ती ओळ काढून टाकावीशी वाटते. काढू नका.

फॉन्ट कोणता? अथेन्सच्या ग्रीक फॉन्ट सोसायटीचा जीएफएस डिडॉट, नाहीतर एसआयएल या संस्थेचा जेंटियम. दोन्ही फुकट, दोन्हींत पूर्ण पॉलिटॉनिक संच. यापलीकडे फॉन्ट शोधत बसणं हा प्रबंध न लिहिण्याचा बहाणा आहे. आणि फॉन्ट नावाने न बोलावता फायलीच्या नावाने, एक्स्टेन्शनसकट बोलवा. टेक लाइव्हसोबत आलेला फॉन्ट झीलाटेकला फायलीच्या नावाने सापडतो, पण सिस्टिममध्ये बसवलेला नसेल तर नुसत्या नावाने सापडत नाही. “माझ्या लॅपटॉपवर चालत होतं” याचं मूळ बहुधा इथेच असतं.

दिसायला एक, आतून दोन

आता माझा खास राग.

एका संशोधकाचा प्रबंध आला होता. शेवटी ग्रीक नामसूची होती आणि तीत तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, दोनदा आलं होतं. अक्षरं तीच, वेगवेगळे पृष्ठांक. त्यांनी आधी सूचीच्या तयार झालेल्या फायलीतून एक नोंद हाताने उडवली. पुढच्या कंपाइलला ती पुन्हा हजर, कारण ती फाइल दर वेळी नव्याने तयार होते. मग फॉन्ट खराब आहे असं ठरवून फॉन्ट बदलत बसले. पुढे कुणीतरी पॅकेज बदलायला सांगितलं, तेही केलं. माझ्याकडे फाइल आली तोवर प्रिॲम्बल दीड पान झालं होतं.

फॉन्ट बदलण्याचा एक फायदा मात्र झाला होता. एका जुन्या फॉन्टमध्ये दोन नोंदींच्या आघातचिन्हांचा कल वेगळा दिसत होता. एक तिरकं, एक जवळजवळ उभं. विम या एडिटरमध्ये कर्सर त्या अल्फावर नेऊन जी आणि ए दाबलं की अक्षराचा क्रमांक दिसतो. एका ठिकाणी निघालं ०३एसी, दुसऱ्या ठिकाणी १एफ७१.

झालं असं, की काही उतारे त्यांनी आधुनिक ग्रीक कीबोर्डवर टाइप केले होते, तिथून आला टोनॉस (आधुनिक ग्रीकचं आघातचिन्ह) असलेला अल्फा, मूळ ब्लॉकमधला. काही उतारे एका ऑनलाइन आवृत्तीतून चिकटवले होते, तिथून आला ऑक्सिया (प्राचीन ग्रीकचं आघातचिन्ह) असलेला अल्फा, एक्स्टेंडेडमधला. युनिकोडच्या लेखी ही दोन्ही समतुल्य आहेत. डोळ्यालाही बहुतेक फॉन्टांत एकच. पण सूची लावणारा प्रोग्राम क्रमांक बघतो, आणि त्याच्या लेखी ही दोन गावं होती. एडिटरमधलं शोधा-बदलाही तसंच फसत होतं. एक तगर शोधलं की दुसरं निसटायचं, म्हणून त्यांना वाटे की आपण सगळे उल्लेख तपासले.

इलाज आहे नॉर्मलायझेशन, म्हणजे समतुल्य अक्षरं एकाच ठरावीक रूपात आणणं. एनएफसी या रूपात आणलं की १एफ७१ चा ०३एसी होतो, सुटा अल्फा आणि सुटं चिन्ह असेल तर तेही जोडून एक होतं. झीलाटेकचं इंजिन असलेल्या झीटेकमध्ये इनपुट नॉर्मलायझेशनची किंमत १ केली की कंपाइल होताना हे आपोआप घडतं. मला ते पुरेसं वाटत नाही, कारण मूळ फायलीतला कचरा तसाच राहतो आणि शोधताना पुन्हा दगा देतो. मी पायथनमधलं युनिकोडडेटा मॉड्यूल वापरणारी छोटी स्क्रिप्ट ठेवली आहे. कुणाचीही फाइल आली की ती आधी त्यातून काढतो, मगच उघडतो. मराठी मजकुराला याने धक्का लागत नाही. उलट ‘दुसऱ्या’मधला ऱ कुणी र आणि नुक्ता असा फोडून टाइप केला असेल, तर तोही जोडून मिळतो.

याच जातीची भावंडं: ग्रीक ओमिक्रॉनच्या जागी रोमन ओ, म्यूच्या जागी मायक्रोचं चिन्ह, ओमेगाच्या जागी ओहमचं चिन्ह, सिग्माच्या जागी गणितातलं बेरजेचं चिन्ह. ओहम नॉर्मलायझेशनमध्ये सुधारतो. रोमन ओ, मायक्रो आणि बेरजेचं चिन्ह एनएफसीने सुधारत नाहीत, ती हाताने शोधावी लागतात.

आणि जुन्या नॉन-युनिकोड ग्रीक फॉन्टातला मजकूर आला असेल, जो फॉन्ट काढला की रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो, तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. मराठी डीटीपीवाल्यांना हे दुखणं नव्याने सांगायला नको.

बाकीच्या किरकोळ

शब्दाच्या शेवटचा सिग्मा वेगळा असतो. एलजीआरमध्ये तो आपोआप यायचा, युनिकोडमध्ये तुम्हीच टाइप करायचा.

ग्रीक प्रश्नचिन्ह आपल्या अर्धविरामासारखं दिसतं. नॉर्मलाइझ केल्यावर त्याचा खरोखरच अर्धविराम होतो. घाबरू नका, तो बिघाड नाही. पण ‘चूक’ समजून तिथे आपलं प्रश्नचिन्ह घालू नका. हे मी छापील पुस्तकात पाहिलं आहे.

शब्दाचा शेवटचा स्वर गळला की येणारं चिन्ह म्हणजे साधा ॲपॉस्ट्रॉफी. तिथे श्वासचिन्ह चिकटवू नका.

ग्रीक तिरकं करू नका. लिपी बदलली एवढ्यावर वाचकाला वेगळेपण कळतं. तिरक्यासाठी खास फॉन्ट नसेल तर बळेच तिरपं केलेलं अक्षर येतं किंवा काहीच होत नाही.

देवनागरीशेजारी ग्रीक बारीक दिसतं. फॉन्टस्पेकचा मॅचलोअरकेस पर्याय मुख्य फॉन्टमधल्या रोमन लहान अक्षरांची उंची धरतो, आणि देवनागरी फॉन्टमधली रोमन अक्षरं कशी असतील याचा नेम नसतो. मी एक पान छापून डोळ्यानेच स्केल ठरवतो.

ग्रीक उतारा ग्रीक म्हणून सांगितला नाही तर शब्द तोडायचे नियम लागू होत नाहीत आणि लांब शब्द समासात घुसतात. पॉलिग्लॉसिया या भाषा सांभाळणाऱ्या पॅकेजमध्ये ग्रीकचा एन्शंट हा प्रकार निवडा, फॉन्टच्या कुटुंबाला ग्रीकफॉन्ट हेच नाव द्या, कारण पॉलिग्लॉसिया तेच नाव शोधतं, आणि प्रत्येक उतारा ग्रीकच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवा. समासात घुसलेली ओळ दिसली की स्लॉपी (शब्दांमधलं अंतर सैल करणारी कमांड) लावून मोकळे होणारे असतात, त्यांच्या पानांवर शब्दांमधून बैलगाडी जाईल एवढ्या फटी पडतात.

शीर्षकात ग्रीक असेल आणि पानाच्या माथ्यावर ते कॅपिटल अक्षरांत जाणार असेल तर तिथली आघातचिन्हं गळायला हवीत, ग्रीकची रीत तशी आहे. भाषा नीट सांगितलेली असेल तर आजचं लाटेक ते स्वतः करतं. जुनी आवृत्ती असेल तर माथ्यासाठीचा मजकूर चौकटी कंसात वेगळा द्या.

छापखान्यात पीडीएफच पाठवा, आणि पाठवण्याआधी पीडीएफफॉन्ट्स ही कमांड चालवून प्रत्येक फॉन्टपुढे ‘एम्बेडेड’च्या रकान्यात ‘येस’ आहे ना ते बघा. तिथून कुणी “जरा वर्डमध्ये द्या, आम्ही लावून घेतो” म्हणालं, तर ग्रीक उतारे असलेली पानं तरी देऊ नका.